चर्चच्या गायकवृंदासाठी नवी मिस्सा रचायची तर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: चर्चच्या शताब्दीसाठी नवी मिस्सा संगीतबद्ध करायची आहे. (मिस्सा म्हणजे कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी, आणि त्यात गायच्या ठरलेल्या भागांची रचनाही.) शब्द लॅटिन, आवाज चार (सोप्रानो, अल्टो, टेनर, बेस), साथीला ऑर्गन. प्रश्नकर्त्याला स्टाफ नोटेशन येतं, हार्मनीच्या परीक्षा झाल्या आहेत, बरीच वर्षं तो कॉयरमध्ये टेनर गातो आहे. गायकवृंद पंचविसेक जणांचा, सगळे हौशी. रचना आजची वाटावी, पण या माणसांना गाता यावी. सुरुवात कुठून करायची?

पियानोपासून करू नका. येत्या रविवारी कॉयरमध्ये उभं न राहता बाकावर बसा आणि प्रत्येक गायनाच्या वेळी वेदीवर नेमकं काय चाललं आहे ते पाहा. किरिएच्या (‘प्रभू, दया कर’) वेळी लोक नुकतीच पापांची कबुली देऊन उभे असतात. ते आर्जव आहे, फार लांबलं की त्याची धार जाते. ग्लोरियाच्या (देवाचं गौरवगीत) वेळी वेदीवर दुसरं काहीच घडत नसतं, गाणं हाच त्या वेळचा विधी असतो. सांक्तुस (‘पवित्र, पवित्र, पवित्र’) धर्मगुरूंच्या प्रार्थनेच्या मधोमध येतो, आधीचं वाक्य त्यांचं आणि नंतरचंही त्यांचंच. आन्युस देई (‘हे देवाच्या कोकरा’) चालू असताना भाकर मोडली जात असते आणि गाणं त्या कृतीला सोबत करतं. म्हणजे गाण्याचं विधीशी असलेलं नातं प्रत्येक भागात बदलतं. हे नातं आधी ठरलं की रचनेचे निम्मे निर्णय आपोआप होतात. नव्याने लिहिणाऱ्यांच्या ज्या मिस्सा माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांत सुरावट चांगली असते, हार्मनीही चांगली असते, पण चारही भाग मैफलीतल्या चार गाण्यांसारखे लिहिलेले असतात आणि वेदीपाशी ते बसत नाहीत.

वेळेचा हिशेबही इथेच करायचा. साल्झबुर्गच्या आर्चबिशपांची संपूर्ण मिस्सा, ग्लोरिया आणि क्रेदो (श्रद्धेची कबुली) यांच्यासकट, पाऊण तासात आटपावी लागते, असं मोत्झार्टने १७७६ साली इटलीतले संगीतगुरू पाद्रे मार्तिनी यांना पत्रात लिहिलं होतं. त्या बंधनातून त्याने ज्या छोट्या मिस्सा लिहिल्या, त्या आजही चर्चमध्ये गायल्या जातात. तुमच्यासाठी माझं माप असं: किरिए दोन मिनिटं, ग्लोरिया चारच्या आत, सांक्तुस पावणेदोन, आन्युस दोन-अडीच. शताब्दीच्या दिवशी बिशप येणार, प्रवचन मोठं होणार, सत्कार होणार. त्या दिवशी नऊ मिनिटांची ग्लोरिया कोणाच्याच भक्तीला पोषक ठरणार नाही.

क्रेदो लिहू नका. त्याचा मजकूर सर्वांत लांब, त्यात कथा आहे आणि तत्त्वज्ञानही आहे, आणि आजच्या मिस्सात तो सगळ्या भाविकांनी एका आवाजात म्हणणं हेच सर्वांत परिणामकारक असतं. बेंजामिन ब्रिटन या इंग्रज रचनाकाराने १९५९ साली वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलच्या मुलांसाठी जी मिस्सा ब्रेविस (छोटी मिस्सा) लिहिली तिच्यातही क्रेदो नाही. सगळी रचना मिळून दहाएक मिनिटांची आहे, आणि ती अपुरी आहे असं कधी वाटत नाही.

आता लोकांचा प्रश्न. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचे, म्हणजे १९६० च्या दशकात कॅथलिक विधीत सुधारणा झाल्यानंतरचे नियम पुष्कळांना वाटतात तितके कडक नाहीत, पण ते नीट वाचायला हवेत. ग्लोरिया सगळ्यांनी गावी, लोकांनी आणि कॉयरने आळीपाळीने गावी किंवा एकट्या कॉयरने गावी, तिन्ही चालतं. त्यातले शब्द मात्र बदलायचे नाहीत, गाळायचे नाहीत, त्या जागी दुसरं स्तुतिगीत घालायचं नाही. सांक्तुस हा मुळात सगळ्या भाविकांचा धर्मगुरूंसह गायचा घोष आहे. मार्च १९६७ मध्ये निघालेली पवित्र संगीताविषयीची सूचना बहुस्वरी रचना कॉयरने गायला मुभा देते, मात्र लोकांना गाण्यातून पूर्णपणे वगळू नये अशी अट घालते. माझ्या मते ही अट रचनाकाराच्या फायद्याची आहे. पाचशे माणसांचा एकस्वरी आवाज तुमच्या हाताशी आहे. एवढं मोठं वाद्य कोणत्याही ऑर्गनवाल्याकडे नसतं.

म्हणून मी नेहमी सांक्तुसपासून लिहायला लागतो. सर्वांत जास्त बंधनं तिथे आहेत. धर्मगुरू प्रेफेस (सांक्तुसआधीची स्तुतिप्रार्थना) गात येतात, शेवटी ‘सीने फीने दिचेन्तेस’ म्हणजे ‘अखंड म्हणत’ असे शब्द येतात आणि पुढच्याच श्वासाला स्वर्गातल्या दूतांसोबत लोकांनी ‘सांक्तुस’ म्हणायचं असतं. इथे ऑर्गनची आठ मापांची (बारची) प्रस्तावना वाजली की ‘अखंड’ या शब्दाला काही अर्थच उरत नाही. तेव्हा तुमच्या फादरांना विचारा, ते प्रेफेस कोणत्या सुरात गातात. विचारून भागत नसेल तर मोबाइलवर दोन-तीन रविवार ध्वनिमुद्रण करा. साधारण कुठे सुरू होतात आणि शेवटी कुठे येऊन थांबतात ते कळेल. तुमचा पहिला ‘सांक्तुस’ त्या शेवटच्या सुरावर, किंवा त्याच्यापासून एका पायरीवर, सगळ्यांच्या एकाच सुरात सुरू होऊ द्या. हार्मनी दुसऱ्या ‘सांक्तुस’ला उघडा, तिसऱ्याला भरा. चर्चच्या जुन्या एकस्वरी गायनातल्या, म्हणजे ग्रेगोरियन संग्रहातल्या अठराव्या मिस्सामधला साधा सांक्तुस पाहा, तो प्रेफेसच्याच चालीतून पुढे सरकतो, दोहोंत सांधा दिसत नाही. हजार वर्षांपूर्वीच्या या उत्तरापेक्षा चांगलं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

सांक्तुसमधली दुसरी सोय म्हणजे ‘होसान्ना’ हा जयघोष दोनदा येतो. जुन्या विधीत बेनेदिक्तुस हा दोन होसान्नांमधला भाग बहुधा वेगळा करून भाकर-द्राक्षारसाच्या पवित्रीकरणानंतर गायला जाई, म्हणून हायडन, बेटोव्हन यांच्याकडे तो स्वतंत्र, लांब, अनेकदा एकट्या वाद्याच्या सुरावटीने नटलेला दिसतो. आजच्या विधीत मध्ये खंड नाही. त्यामुळे बेनेदिक्तुसला नवी लय, नवी चावी (पट्टी) देऊन थांबू नका. दोन आवाजांत हलका करा आणि लगेच ‘होसान्ना’वर या. दोन्ही होसान्ना एकच ठेवा, चार-पाच मापांचे, सरळ सुरांचे. पहिल्यांदा कॉयर गाईल, दुसऱ्यांदा लोक. लोकांना छापील सुरांची गरज लागत नाही, नुकतंच ऐकलेलं ते परत गातात.

सांक्तुस जमला की त्याचे पहिले तीन-चार सूर बाजूला काढून ठेवा. हे तुमच्या सगळ्या मिस्साचं बी. पंधराव्या शतकापासून रचनाकार हेच करत आले आहेत: एखादी ग्रेगोरियन ओळ किंवा बाजारात गायलं जाणारं गाणं घ्यायचं आणि पाचही भाग त्यावर उभे करायचे. गियोम द माशो या फ्रेंच रचनाकाराची चौदाव्या शतकातली मिस्सा ही एकाच रचनाकाराने सगळे भाग संगीतबद्ध केलेली सर्वांत जुनी ज्ञात रचना. तेव्हापासून हे वेगवेगळे भाग एकत्र कसे बांधायचे, हा प्रश्न सुटत आणि परत पडत आला आहे. अडचण ही की भागांच्या मध्ये वाचनं येतात, प्रवचन येतं, दानार्पण येतं. किरिए आणि आन्युस यांच्यात तासभर जातो. इतक्या वेळाने ओळखू यायचं तर खूण ठसठशीत हवी. चार सुरांची उडी, एखादी वेगळी लय, ठरावीक अंतराचा ठहराव. गुंतागुंतीचा विषय घेऊन त्याचे आरसे-उलटे प्रकार केलेत तर ते फक्त तुमच्या वहीत दिसतील.

ग्लोरियावर सर्वांत जास्त वेळ द्या. इथे शब्दांची संख्या मोठी, आणि नव्या रचनाकाराचा कस शब्दांवरच लागतो. आपल्याकडच्या गायकांची, आणि रचनाकारांचीही, एक सवय असते: लॅटिनची प्रत्येक मात्रा सारख्या वजनाने म्हणायची. मराठीत आघात तितका तीव्र नसतो, म्हणून कानाला खटकत नाही. लॅटिनमध्ये मात्र ‘दोमिनुस’चा जोर ‘दो’वर, ‘मिसेरेरे’चा ‘से’वर नसून पहिल्या ‘रे’वर, ‘सूशिपे’चा ‘सू’वर, ‘आल्तिस्सिमुस’चा ‘तिस्’वर. ‘देई’ आणि ‘देउस’ दोन-दोन अक्षरी. ‘ग्लोरिया’ तीन. ‘एक्शेल्सिस’मध्ये च नाही, श आहे. ‘आन्युस’मधला ग ऐकूच येत नाही. हे उच्चार इटालियन वळणाचे, चर्चमध्ये रूढ असलेले. पंचवीस जणांनी पंचवीस प्रकारांनी म्हटलेल्या व्यंजनांनी सुंदर हार्मनी सुद्धा मळकी वाटते.

माझी पद्धत अशी. सुरांआधी लय. मजकूर मोठ्याने वाचा, टाळी धरा, आणि नुसती लय लिहून काढा, एका रेषेवर. मग लक्षात येतं की ग्लोरियाचा गद्य मजकूर चारच्या ठेक्यात बसवताना किती ठिकाणी मारूनमुटकून लांबवावा लागतो. उलट ‘लाउदामुस ते’ पासूनच्या चार ओळी पाहा. ‘बे-ने | दी-चि-मुस | ते’: दोन, तीन, आणि ‘ते’ दोन मात्रांचा. झाल्या सात. ‘लाउदामुस’ आणि ‘आदोरामुस’मध्ये आघाताचं अक्षर दोन मात्रा धरलं की त्याही दोन-तीन-दोनमध्ये येतात. आणि चौथी, ‘ग्लो-रि-फि | का-मुस | ते’, तीन-दोन-दोन. हा तर रूपकाचा ठेका. युरोपातल्या कॉयरला सात-अष्टमांश माप शिकवायला बरीच तालीम लागते. आपल्याकडे ज्याने भजनात किंवा शाळेच्या गाण्यात एकदा रूपक ऐकला आहे त्याच्या अंगात तो असतोच. हे भांडवल वापरा. मात्र सबंध ग्लोरिया सातात ठेवू नका, नाहीतर ती कसरत होते. ‘दोमिने देउस’ला ठेका सोडा, आणि ‘क्वि तोल्लिस’ला जवळजवळ लयच सोडा.

ग्लोरियाचा आकार मजकुरातच आहे. सुरुवातीला दूतांची घोषणा, मग स्तुतीच्या झपझप ओळी, मग देवाच्या नावांची रांग, मध्ये ‘क्वि तोल्लिस पेक्काता मुंदी’ला वळून दयेची याचना, आणि ‘क्वोनियाम तू सोलुस’पासून परत वर. द्रुत-विलंबित-द्रुत हा सर्वांनी वापरलेला आराखडा. तो मोडायचा हट्ट धरू नका, मजकूरच तो मागतो. नवेपणा वळणांत आणता येतो: ‘क्वि तोल्लिस’ला अचानक थांबण्याऐवजी ऑर्गनचा एक सूर आधीच्या भागातून तसाच धरून ठेवा आणि त्यावर आवाज एकेक करून उतरू द्या. ‘येसू क्रिस्ते’ हे नाव जिथे येतं तिथे सगळे आवाज एकत्र, सरळ कॉर्डमध्ये (एकाच वेळी लागणाऱ्या सुरांत) ठेवण्याची जुनी रीत आहे, कारण त्या नावाला लोक मस्तक झुकवतात. ती रीत पाळा. शेवटच्या ‘आमेन’साठी फ्यूग (आवाजांनी एकामागून एक तोच विषय उचलायची गुंतागुंतीची रचना) लिहायचा मोह होईल. चार मापांचा भरदार आमेन पुरेसा असतो.

एक तपशील विसरला जातो: जुन्या रचनांत ‘ग्लोरिया इन एक्शेल्सिस देओ’ ही ओळ नसतेच, कॉयर ‘एत इन तेर्रा पाक्स’पासून सुरू करतो, कारण पहिली ओळ धर्मगुरू गात. आजही ती धर्मगुरूंना किंवा एकट्या गायकाला देता येते. आपले फादर सुरात पक्के असतील तर जरूर द्या. आणि हो, आगमनकाळात (नाताळाआधीचे आठवडे) आणि उपवासकाळात (ईस्टरआधीचे आठवडे) ग्लोरिया गायली जात नाही. शताब्दी त्या दिवसांत येत असेल तर आधी फादरांशी बोला, चार महिने खपून लिहिलेला भाग त्या दिवशी गाताच येत नाही असं व्हायला नको.

आन्युस देईसाठी विल्यम बर्डच्या चार आवाजांच्या मिस्साकडे जा. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, कॅथलिक उपासनेवर बंदी असलेल्या इंग्लंडमध्ये बर्डने तीन मिस्सा छापल्या, मुखपृष्ठाशिवाय. घरांच्या खोल्यांत लपूनछपून जमणाऱ्या मूठभर माणसांसाठी. त्यातल्या चार आवाजांच्या आन्युसमध्ये पहिली विनवणी दोनच आवाज गातात, दुसरी तीन, तिसरी चार. ‘दोना नोबिस पाचेम’ला (‘आम्हांला शांती दे’) आवाज एकमेकांवर घासत, एक थांबला की दुसरा खाली सरकत, पुन्हा पुन्हा खटका, म्हणजे कानाला टोचणारा विसंवाद, निर्माण करत उतरतात. शांती मागणाऱ्यांना ती अजून मिळालेली नाही, हे ऐकू येतं. साधनं किती थोडी! तुमच्या पंचवीस जणांना हे नक्की झेपेल, आणि हौशी कॉयरला घडवायला याहून चांगला पाठ नाही.

बर्डकडून घ्यायची मुख्य गोष्ट म्हणजे तिथली वाढ. पण आजच्या विधीची एक गरज त्याच्या वेळी नव्हती. शताब्दीला माणसं जास्त, वेदीवर धर्मगुरू जास्त, भाकर मोडायला आणि वाटीवाटीत ठेवायला वेळ जास्त. आन्युस त्या कृतीइतका चालायला हवा आणि ‘दोना नोबिस पाचेम’ फक्त शेवटी. म्हणून ‘मिसेरेरे नोबिस’ची (‘आमच्यावर दया कर’) विनवणी असा तुकडा करा की तो दोनदा, तीनदा, चारदा फिरवता येईल, दर वेळी एक आवाज वाढवत किंवा कमी करत. कॉयर मास्टरची नजर वेदीवर हवी. फादरांनी हात थांबवले की खूण करायची आणि सगळ्यांनी शेवटच्या विनवणीत जायचं.

किरिए मी सर्वांत शेवटी लिहितो. तोपर्यंत सगळ्या मिस्साचा सूर कळलेला असतो आणि दरवाजा कसा हवा ते ठरवता येतं. आता ती बहुधा तीन हाका आणि त्यांची तीन उत्तरं अशी होते: गायक, लोक. लोकांचं उत्तर पाच सुरांत बसवा.

आता ‘आजची’ रचना म्हणजे काय. अनेकांना वाटतं, चार सूर शेजारी-शेजारी दाबून धरले की आधुनिक झालं. मी त्याच्या विरोधात नाही, पण हौशी गायकांना तो खटका कसा गाठायचा हे तुमच्या लेखनाने सांगायला हवं. अल्टोने एक सूर धरून ठेवावा आणि सोप्रानोने वरून पायरीपायरीने येऊन त्याच्या शेजारी उभं राहावं, असं लिहिलंत तर सेकंड, म्हणजे शेजारच्या दोन सुरांची ही जोडी, कोणीही गातं. तोच सेकंड दोघींना हवेतून एकदम पकडायला लावलात तर तालमीच्या आठव्या आठवड्यातही तो डळमळेल. खटका कॉर्डमध्ये शोधू नका, आवाजांच्या चालीत शोधा.

विसाव्या शतकात फार वेगवेगळी उत्तरं निघाली आणि ती ऐकून ठेवायला हवीत. स्ट्राविन्स्की स्वतः ऑर्थोडॉक्स होता. त्या परंपरेच्या उपासनेत वाद्यं चालत नाहीत, त्याला तर ती हवी होती. म्हणून त्याने १९४४ ते १९४८ या काळात रोमन मिस्सा लिहिली, कॉयर आणि दहा फुंकवाद्यं, कोरडी, नेमकी, भावुकतेचा थेंब नसलेली. स्विस रचनाकार फ्रांक मार्तांने दुहेरी कॉयरची मिस्सा १९२२ मध्ये लिहिली, आन्युस १९२६ मध्ये जोडला, आणि ती आपली आणि देवाची गोष्ट आहे असं मानून कपाटात ठेवली. पहिला प्रयोग १९६३ साली झाला. ती तुमच्या कॉयरला झेपणार नाही, पण तिचा आन्युस ऐका: एक कॉयर चालण्याच्या लयीत कॉर्ड धरतो, दुसरा त्यावर ग्रेगोरियन वळणाची एकच ओळ गातो. ही कल्पना दोन-तीन आवाजांतही उतरवता येते.

तुम्हाला सर्वांत उपयोगी पडेल तो एस्टोनियाचा रचनाकार आर्वो पेर्त. त्याची बर्लिन मिस्सा १९९० ची. त्याच्या पद्धतीचा गाभा दोन ओळींत सांगता येतो: एक आवाज मूळ सुराभोवती पायरीपायरीने फिरतो आणि दुसरा आवाज फक्त मूळ ट्रायडचे (तीन सुरांच्या पायाभूत कॉर्डचे) तीनच सूर घेतो, पहिल्याला सर्वांत जवळचा वरचा किंवा खालचा. नियम इतका सोपा, तरी खटके आपोआप पडतात आणि सुटतात. एक आठवडा या नियमाने सराव म्हणून किरिए लिहा. मग नियम सोडा. पेर्तची नक्कल केलेली मिस्सा चर्चला नको आहे, पण कमी सुरांत किती मावतं ते हाताला कळेल. लोकांसकट गाण्यासाठी लिहिलेलं उदाहरण हवं तर स्कॉटलंडच्या जेम्स मॅकमिलनने २०१० साली पोप बेनेडिक्ट यांच्या ब्रिटन भेटीसाठी लिहिलेली मिस्सा पाहा. हजारो माणसांनी उघड्या मैदानात गायची म्हणून ओळी सरळ आहेत, तरी स्कॉटिश वळण लपत नाही.

आवाजांच्या मर्यादा कागदावर लिहून भिंतीला लावा. सोप्रानो वरच्या एफपर्यंत, जी फक्त मोक्याला. अल्टोला मधल्या सीच्या खाली ए पुरे. टेनरला मधल्या सीच्या वरच्या एफच्या पुढे नेऊ नका, बेसला खालच्या जीच्या खाली नको. त्याहून महत्त्वाचं, सोप्रानोला वरच्या सी-डी-ईवर सलग चार ओळी टांगून ठेवू नका, गळा तिथेच थकतो. टेनर आपल्याकडे कायम कमी. तुम्ही स्वतः टेनर आहात, त्या दिवशी हात हलवत समोर उभे असाल, म्हणजे आणखी एक कमी. टेनर आणि बेस एका ओळीत गातील अशी तीन आवाजांची पर्यायी मांडणी पहिल्यापासून ध्यानात ठेवा.

संगणकावरच्या वादनावर विसंबू नका. म्यूझस्कोरसारख्या संगीतलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वाजवलेल्या मिस्साला श्वास लागत नाही, ती दमत नाही, व्यंजनं म्हणत नाही. प्रत्येक ओळ स्वतः उभं राहून गाऊन पाहा, बाकीच्या तीनही, सप्तक बदलून का होईना. आणि इमारत ऐका. उंच दगडी, लाकडी छताच्या जुन्या चर्चमध्ये आवाज दोन-तीन सेकंद रेंगाळतो, तिथे कॉर्ड भराभर बदलले की चिखल होतो. नव्या काँक्रीटच्या चर्चमध्ये पंखे आणि स्पीकर असतात, तिथे अगदी हळू आवाजातली सुरुवात कोणालाच ऐकू जात नाही.

मराठीचा विषय तुम्ही काढलेला नाही, तरी काढतो, कारण शताब्दीच्या मिस्सात बहुतेक विधी मराठीतच होणार. लॅटिन भाग कॉयरला आणि उत्तराचे भाग मराठीत लोकांना, अशी सरमिसळ करू नका. एकाच ग्लोरियात दोन भाषा आल्या की मजकूर तुटतो. पण किरिए-सांक्तुस मराठीत आणि ग्लोरिया-आन्युस लॅटिनमध्ये, हे उत्तम चालतं. मराठीसाठी धर्मप्रांताने मान्य केलेलाच मजकूर घ्या, शब्द सुरात बसत नाही म्हणून फिरवू नका, आणि छापण्याआधी परवानगी घ्या. लॅटिन शब्दांवर कोणाचा हक्क नाही, भाषांतरांवर असतो.

मराठी मजकूर घेतलात की रागाचा विचार येणारच. १९६३ च्या उपासनेविषयीच्या परिषद-दस्तऐवजाने स्थानिक संगीतपरंपरांना योग्य मान द्यायला सांगितलं आहे, आणि त्यानंतर जगभर पुष्कळ काम झालं. आरियेल रामिरेसने १९६४ साली अर्जेंटिनात मिसा क्रिओयामध्ये प्रत्येक भागाला वेगळा लोकठेका दिला, ग्लोरियाला कार्नावालितो, क्रेदोला चाकारेरा. नुसती वरून गितार लावलेली नाही, भागाची घडणच त्या ठेक्यातून आली आहे. आपल्याकडे बरेचदा उलट होतं, पाश्चात्त्य चालीला तबला जोडला की भारतीय झालं असं समजलं जातं. काफी थाटाचे सूर म्हणजे पाश्चात्त्य संगीतातलं डोरियन, कल्याणचे लिडियन, खमाजचे मिक्सोलिडियन, भैरवीचे फ्रिजियन. इतकं साम्य पाहून लगेच कॉर्ड लावायचा मोह होतो. पण राग त्याच्या चालीत असतो, आणि दर मात्रेला कॉर्ड बदलला की ती चाल दिसेनाशी होते. त्यापेक्षा बेसला षड्ज-पंचम धरायला द्या, वरचे दोन आवाज एकामागून एक तीच ओळ गाऊ द्या. तानपुऱ्यासारखा आधार आणि त्यावरचा कॅनन, इतक्यात राग टिकतो आणि कॉयरही कॉयर राहतो.

आणि ओवी. फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं, ते ओवीत आहे, आणि ते चर्चमध्ये लोकांपुढे म्हटलं जाई. ओवीची चाल लांब-आखूड ओळी सहज पेलते, म्हणून मराठी ग्लोरियाच्या गद्य मजकुराला तिच्यासारखं गायनवाचन बसतं: एका सुरावर शब्द, ओळीच्या शेवटी छोटं वळण. ग्रेगोरियन स्तोत्रपठणाचीही हीच रीत. दोन्ही घराण्यांचं पाणी इथे एक होतं आणि त्यावर फारसं काम झालेलं नाही. तुमच्यासारख्या, दोन्ही कान असलेल्या माणसाने ते करावं असं मला मनापासून वाटतं.

तालमीचं. सांक्तुस पूर्ण झाला की लगेच गाऊन घ्या, सगळी मिस्सा लिहून होईपर्यंत थांबू नका. प्रत्येक आवाजाची ओळ स्वतंत्र ध्वनिमुद्रित करून व्हॉट्सॲपवर टाका, पण तुमच्या किंवा कॉयरमधल्या कोणाच्या गळ्यातली, संगणकाची नको. श्वासाच्या जागा तुम्हीच छापा. गायकांवर सोडल्या तर सगळे एकाच ठिकाणी घेतात. ज्या मापाला सलग तीन तालमींत चूक होते, ते माप तुम्ही बदला. लोकांचे तुकडे, म्हणजे किरिएचं उत्तर आणि होसान्ना, शताब्दीच्या महिनाभर आधीपासून दर रविवारच्या मिस्सात एकट्या कीबोर्डवर गाऊ लागा. जाहीर शिकवणी नको, पाच मिनिटं आधी कोणी एकाने गाऊन दाखवलं की पुरे.

शेवटी प्रतीबद्दल. शताब्दीच्या दिवसासाठी ऑर्गन, ट्रम्पेट, काय हवं ते घाला, पण प्रत्येक भागाची एक साधी मांडणीही लिहा, दोन आवाज आणि कीबोर्ड, आठ माणसं आली तरी उभी राहील अशी. ती त्याच वहीत मागच्या पानांवर छापा, वेगळी देऊ नका, हरवते. चावी एक सूर खाली घेतलेली चालेल, सकाळी सहाच्या मिस्साला गळे तेवढेच वर जातात.